वयाच्या इयत्ता

१८७५ च्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडहून (जंजिऱ्याचे नव्हे, दापोलीजवळचे मुरुड) एक विद्यार्थी काही सोबत्यांबरोबर साताऱ्याला निघाला. सह्याद्री ओलांडून जवळजवळ ११० मैलांची वाट, तीही भर पावसातली, पायी तुडवायची होती. साताऱ्याला सरकारी नोकरीसाठी उपयोगी पडणारी परीक्षा होती आणि तिला बसायला वयाची सतरा वर्षे पुरी झालेली असणे आवश्यक होते. या विद्यार्थ्याची ती झालेली होती. पण अंगकाठी लहान. परीक्षा घेणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले, ‘हा सतरा वर्षांचा दिसत नाही’ असे ठरवले आणि त्याला परीक्षेला बसू दिले नाही. हा विद्यार्थी म्हणजे धोंडो केशव कर्वे. जन्म १८ एप्रिल १८५८, खेडजवळच्या शेरवली या आजोळी. पुढे आपल्या आत्मवृत्तात या निराशेविषयी त्यांनी लिहिले आहे.

कर्व्यांच्या चिकाटीचा दाखला म्हणून ही गोष्ट शाळांतून नेहमी सांगितली जाते. आम्हाला तिच्यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. परीक्षकांपुढे दोन वये होती. एक जन्मतिथीवरून मोजलेले आणि दुसरे डोळ्यांना दिसणारे. त्यांनी दुसरे खरे मानले. आणि तिसरे एक वय, म्हणजे या मुलाची समज किती वाढली आहे ते, मोजण्याचा तर प्रश्नच कोणाला पडला नव्हता. परीक्षा नेमकी त्यासाठीच असते, असे कोणी म्हणेल. पण तिथे तर मुलाला बसूच दिले नाही!

हे तिसरे वय मोजण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न १९०५ साली पॅरिसमध्ये झाला. सक्तीच्या शिक्षणामुळे शाळांत सर्व थरांतली मुले आली होती. त्यांच्यापैकी कोणाला जादा मदत लागेल हे शिक्षकाच्या मर्जीवर न सोडता ठरवावे, यासाठी आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी सोप्यापासून अवघडापर्यंत चढत जाणाऱ्या प्रश्नांची मालिका तयार केली. १९०८ च्या सुधारित मालिकेत प्रश्न वयावार लावले होते. आठ वर्षांच्या बहुतेक मुलांना जे जमते ते एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला जेमतेम जमत असेल, तर त्याचे मानसिक वय आठ. आपल्याकडे हे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. धारवाडकडच्या कानडी आणि मराठी मुलांवर चाचण्या घेऊन त्यांनी बिनेची मालिका इथल्या भाषांत आणि इथल्या अनुभवांत बसवली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. बिने-कामत चाचणी हे नाव ऐकलेले शिक्षक आजही भेटतात. बिनेने स्वतः बजावले होते, की हा आकडा मुलाच्या कपाळावर कायमचा कोरलेला नसतो, योग्य शिक्षणाने तो बदलतो. त्याच्यानंतर आलेल्यांनी आकडा ठेवला आणि सूचना विसरले.

पहिल्या महायुद्धानंतर याच पॅरिसमध्ये सिमाँकडे एक तरुण स्विस प्राणिशास्त्रज्ञ काम करू लागला. झ्याँ पियाजे (१८९६-१९८०) याची डॉक्टरेट गोगलगायी आणि शिंपल्यांच्या वर्गावरची होती. वालेच्या डोंगराळ भागातील मृदुकाय प्राण्यांचा त्याने अभ्यास केला होता. त्याला दिलेले काम रटाळ होते. तर्काच्या काही चाचण्या फ्रेंच मुलांसाठी प्रमाणित करायच्या, म्हणजे बरोबर उत्तरे मोजायची. पियाजेचे लक्ष चुकलेल्या उत्तरांकडे गेले. एका वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकतात, आणि त्या चुकीमागे त्यांचे म्हणून एक तर्कशास्त्र असते, असे त्याला दिसले. मग लहान मूल म्हणजे कमी माहिती असलेला प्रौढ नव्हे. त्याच्या विचाराची घडणच निराळी. मुलाच्या बुद्धीकडे पाहण्याच्या दृष्टीतला हा मोठा बदल होता, आणि तो घडला चुकांची यादी नीट वाचल्यामुळे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पियाजेचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग कोणत्याही वर्गात करता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या. मुलाकडून ‘सारखे आहे’ असे वदवून घ्या. मग त्याच्या देखत एका पेल्यातले पाणी उभट, अरुंद ग्लासात ओता आणि विचारा, आता कशात जास्त? चार-पाच वर्षांचे मूल बहुधा उभट ग्लासाकडे बोट दाखवते, कारण पाण्याची पातळी तिथे वर आहे. सात-आठ वर्षांचे मूल ‘सारखेच’ म्हणते. वर कारणही देते, की पाणी कुठे वाढवले आहे, आणि परत पेल्यात ओतले तर पहिल्यासारखेच होईल. चिंचोक्यांच्या दोन सारख्या रांगा मांडून त्यांतली एक पसरट केली, तरी असाच अनुभव येतो. अशा शेकडो निरीक्षणांवरून पियाजेने बुद्धीच्या वाढीच्या चार अवस्था मांडल्या. जन्मापासून सुमारे दोन वर्षांपर्यंत मूल हाताने, तोंडाने, डोळ्यांनी विचार करते. दोन ते सात या काळात शब्द आणि प्रतिमा येतात, पण मन एका वेळी एकाच बाजूला धरून राहते. सात ते अकरा या काळात समोरच्या वस्तूंबाबत तर्कशुद्ध विचार जमतो. त्यानंतर ‘असे असते तर काय झाले असते’ अशा नुसत्या कल्पिलेल्या गोष्टींवर तर्क चालवता येतो. अपूर्णांक चौथीत का अडतात आणि बीजगणित सातवीत का घाबरवते, याचा विचार करणाऱ्यांना ही मांडणी फार उपयोगी पडली.

पण पाण्याच्या प्रयोगात एक मेख आहे आणि ती शिक्षकांना लगेच कळेल. आपण मुलाला तोच प्रश्न दोनदा विचारतो. वर्गात गुरुजींनी एकच प्रश्न पुन्हा विचारला तर त्याचा अर्थ काय होतो? ‘आधीचे उत्तर चुकले, दुसरे सांग.’ १९७४ साली दोन अमेरिकन संशोधिकांनी पहिला प्रश्न गाळून फक्त शेवटी एकदाच विचारला, तर बरोबर उत्तरे वाढली. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये मार्गारेट डोनाल्डसन आणि तिच्या सहकाऱ्याने रांग विस्कटण्याचे काम एका ‘खोडकर’ खेळण्यातल्या अस्वलाकडे दिले. अस्वल येऊन रांग बिघडवून गेले की चार ते सहा वर्षांची मुले ‘सारखेच आहेत’ असे अधिक वेळा म्हणत. मोठ्या माणसाने मुद्दाम रांग बदलली की तीच मुले गोंधळत. म्हणजे आपण मुलाची बुद्धी मोजतो असे समजून कित्येकदा आपल्याविषयीचा त्याचा अंदाज मोजत असतो. पियाजेच्या अवस्थांचा क्रम बराचसा टिकून आहे. त्यांची वये मात्र तितकी पक्की राहिली नाहीत. निरनिराळ्या देशांत तीच पायरी दोन-चार वर्षे मागेपुढे येते. एकच मूल धान्याच्या मापात पुढे आणि ग्लासातल्या पाण्यात मागे असू शकते. तेव्हा ‘हा मुलगा अजून दुसऱ्या अवस्थेत आहे’ असे शिक्षकाने बोलणे आणि ‘हा सतराचा दिसत नाही’ असे परीक्षकांनी बोलणे यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

महाराष्ट्रात हे विचार वेगळ्या वाटेने आले होते. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरच्या बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी मॉन्टेसरीची पद्धत आधी शहरात आणि मग १९४५ पासून बोर्डीला, १९५७ पासून कोसबाडला आदिवासी वस्तीत नेली. मॉन्टेसरीची महाग साधने तिथे परवडणारी नव्हती. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बिया, खडे, पाने वापरली. मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली. १९७५ मध्ये देशभर सुरू झालेल्या अंगणवाडी योजनेच्या नावात हे अंगण आहे.

आता बुद्धीकडून नीतीकडे वळू. १९३२ साली पियाजेचे मुलांच्या नैतिक निर्णयांवरील पुस्तक आले. त्याने सुरुवात केली गोट्यांपासून. मुलांबरोबर खाली बसून तो गोट्या खेळे आणि विचारी, हे नियम कोणी केले? ते बदलता येतील का? पाच-सहा वर्षांची मुले सांगत, की नियम थोरामोठ्यांनी केले, ते बदलता येत नाहीत. आणि असे सांगून स्वतः मात्र वाटेल तसे खेळत. दहा-अकरा वर्षांची मुले म्हणत, सगळ्यांनी मिळून ठरवले तर बदलता येतील. आणि ठरलेले नियम ती काटेकोर पाळत. रडीचा डाव खेळणाऱ्याला बाहेर काढतात ते याच वयात. याच पुस्तकातला दुसरा प्रश्न असा: एका मुलाच्या हातून दार उघडताना नकळत पंधरा कप फुटले, दुसऱ्याच्या हातून चोरून मुरंबा घेताना एकच फुटला. जास्त दोषी कोण? लहान मुले कप मोजतात, मोठी हेतू पाहतात. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजी ‘श्यामची आई’ लिहीत होते. गुरुजींचे पालगड मुरुडप्रमाणेच दापोली तालुक्यात आहे. पियाजेचा भर बरोबरीच्या मुलांवर आहे; न्याय मूल सवंगड्यांकडून शिकते असे तो मानतो, आईबापांच्या धाकाला त्याच्या लेखी दुय्यम स्थान. श्यामचे सारे शिक्षण आईपाशी होते, आणि ती धाकाने कमी, स्वतःच्या वागण्याने अधिक शिकवते. या शक्यतेचा विचार पियाजेच्या पुस्तकात थोडा तोकडा पडला आहे, असे आमचे मत आहे.

पियाजेची ही वाट पुढे नेली लॉरेन्स कोलबर्ग याने. १९५८ च्या आपल्या प्रबंधात त्याने शिकागोच्या १० ते १६ वर्षांच्या मुलांपुढे पेच ठेवले. हाइन्झ नावाच्या माणसाची बायको मरणाच्या दारी आहे. औषध करणाऱ्याला खर्च २०० डॉलर आला, तो मागतो २०००. हाइन्झकडे निम्मेच जमले. त्याने औषध चोरावे का? कोलबर्गला ‘हो’ की ‘नाही’ यात रस नव्हता, कारणात होता. शिक्षा होईल म्हणून, फायदा होईल म्हणून, लोक चांगला म्हणतील म्हणून, कायदा आहे म्हणून, समाजाने मिळून केलेला करार म्हणून आणि शेवटी स्वतः स्वीकारलेल्या सार्वत्रिक तत्त्वासाठी, अशा सहा पायऱ्या त्याने लावल्या. १९८५ पर्यंत २७ देशांत झालेल्या ४५ पाहण्यांचा आढावा घेतला तेव्हा पहिल्या चार पायऱ्या जवळपास सगळीकडे सापडल्या. पाचवी शहरी, शिकलेल्या समाजांत मिळाली. खेड्यांत जवळजवळ नाहीच.

हा निष्कर्ष घेऊन आम्ही पुन्हा मुरुडला येतो. १८९१ मध्ये कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले आणि त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई वारल्या. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी मित्राची बहीण, देवरुखची गोदूबाई जोशी, हिच्याशी विवाह केला. गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झाली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. मुरुडकरांनी बहिष्कार घातला. ज्या गावासाठी कर्व्यांनी ‘मुरुड फंड’ काढून पै पै जमवली होती, त्याच गावात आता त्यांच्यामुळे आई आणि भाऊ यांची कोंडी होऊ लागली. कोलबर्गच्या शिडीवर हे मांडणे सोपे आहे. गावकरी तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, कर्वे पाचव्या-सहाव्या. इतके सोपे आहे म्हणूनच शंका येते.

१९८७ मध्ये रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी भुवनेश्वर आणि शिकागो येथे केलेले काम प्रसिद्ध झाले. मुलांना आणि मोठ्यांना काही वागणुकी सांगून ‘हे चूक आहे का, किती, आणि दुसऱ्या देशातही चूकच ठरेल का’ असे विचारले होते. वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हे भुवनेश्वरच्या ब्राह्मण मुलांना यादीतल्या सर्वांत गंभीर दोषांपैकी वाटले. विधवेने आठवड्यातून दोन-तीनदा मासे खाणे हेही तिथे नुसती रीत मोडणे नव्हते; ते सर्वत्र, सर्वकाळ चूक होते. शिकागोच्या मुलांना यात दोषच दिसेना. तेव्हा कोणती गोष्ट रूढीची आणि कोणती नीतीची, ही सीमाच सगळीकडे एका जागी नाही. १८९३ चा मुरुडकर आपण लोकलाजेसाठी वागतो आहोत असे म्हणाला नसता. आपण धर्म राखतो आहोत, असेच तो मनापासून म्हणाला असता. त्याला खालच्या पायरीवर बसवून प्रश्न सुटत नाही. आठ वर्षांच्या मुलीचे पुढचे सगळे आयुष्य तिच्या संमतीवाचून ठरवून टाकणे अन्यायाचे आहे, हे वेगळ्या पुराव्याने दाखवावे लागते. आणि ते गोदूबाईच्या आयुष्यावरून दिसते. त्यांचे ‘माझे पुराण’ ज्यांनी वाचलेले नाही त्यांनी जरूर मिळवावे.

दुसरी अडचण कर्व्यांचीच. १८९३ मध्ये त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापली, पण १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाल्यावर तिच्या कामातून ते हळूहळू बाजूला झाले. आश्रम हा पुनर्विवाहाचा अड्डा आहे असे वाटले तर पालक मुली पाठवणार नाहीत, म्हणून. तत्त्वनिष्ठ सुधारकांना ही माघार वाटली. कोलबर्गच्या गुणपद्धतीने ‘लोक काय म्हणतील’ हे कारण तिसऱ्या पायरीचे. पण हा विचार लोकांच्या कौतुकासाठी नव्हता. समोरच्या मुलींचे शिक्षण चालू राहावे यासाठी होता. कोलबर्गचीच सहकारी कॅरल गिलिगन हिने १९८२ मध्ये याच ठिकाणी बोट ठेवले. न्यायाच्या भाषेत बोलणाऱ्याला वरचे गुण आणि जबाबदारीच्या, काळजीच्या भाषेत बोलणाऱ्याला खालचे, असे का? तिला हा भेद मुलगे आणि मुली यांच्यातला वाटला. पुढच्या पाहण्यांत तसा फरक फारसा आढळला नाही. तिचा मूळ प्रश्न मात्र राहिला.

१९२९ चा उन्हाळा या सगळ्या इतिहासात मोठा मौजेचा आहे. जुलैअखेर जिनीव्हात भरलेल्या शिक्षण परिषदेत एकाहत्तर वर्षांचे कर्वे भारतातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगाविषयी बोलले. त्याच वर्षी त्याच गावात पियाजे आंतरराष्ट्रीय शिक्षण कार्यालयाचा संचालक झाला. ऑगस्टमध्ये डेन्मार्कमधल्या एल्सिनोरला नव्या शिक्षणवाद्यांची परिषद भरली. तिथे कर्वे होते, मॉन्टेसरीबाईंची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदही तिथेच झाली. मूल कसे वाढते याची चर्चा करणाऱ्या त्या मेळाव्यात, म्हातारपणीही माणूस वाढतो का हा प्रश्न कोणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर असणे कठीण होते.

तो प्रश्न एरिक एरिक्सन याने १९५० साली घेतला. पियाजे पौगंडावस्थेपाशी थांबतो. एरिक्सनने जन्मापासून वार्धक्यापर्यंत आठ टप्पे मांडले आणि प्रत्येकात एक ओढाताण दाखवली. किशोरवयात ‘मी कोण’ याचा शोध आणि गोंधळ, त्यानंतर जवळीक आणि एकटेपण, मध्यम वयात पुढच्या पिढीची जोपासना आणि साचलेपण, अखेरीस कृतार्थता आणि हताशपण. १९६२ मध्ये तो अहमदाबादला आला आणि १९१८ च्या गिरणी कामगारांच्या संपाभोवती गांधीजींच्या मध्यम वयाचा अभ्यास करून १९६९ मध्ये त्याने पुस्तक लिहिले. आपल्या आश्रमव्यवस्थेशी त्याच्या टप्प्यांचे साम्य सुधीर कक्कर यांनी दाखवले आहे. साम्य आहे; उणीवही सारखीच आहे. आधी स्वतःची ओळख, मग जोडीदार, हा एरिक्सनचा क्रम. पंधराव्या वर्षाच्या आसपास ज्याचे लग्न लागले त्या कर्व्यांना, आणि त्याहून लहान राधाबाईंना, तो उलटाच लागू पडतो. आश्रमव्यवस्थेत तर आठ वर्षांच्या विधवेला कुठलाच आश्रम नाही. गोदूबाई शाळेत गेली तेव्हा ती चोविशीत होती. वयाप्रमाणे टप्पे लावणारा कोणताही तक्ता त्या दिवशी तिच्या उपयोगाचा नव्हता. प्रवेश मिळाला हे उपयोगाचे होते.

आणि कर्वे पुढे काय करत राहिले? १९१६ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी महिला विद्यापीठ. १९३६ मध्ये अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ. १९४४ मध्ये शहाऐंशीव्या वर्षी जातिभेदाविरुद्ध समता संघ. पहिली चळवळ स्वतःच्या घरातल्या प्रश्नातून निघालेली; शेवटची साऱ्या समाजाला कवेत घेणारी. हा विस्तार एरिक्सनच्या सातव्या टप्प्यात बसतो, पण तो टप्पा साधारण पासष्टीला संपतो असे पाठ्यपुस्तके सांगतात. १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी कर्व्यांना भारतरत्न मिळाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते वारले. त्याच वर्षी एरिक्सन अहमदाबादेत होता. एरिक्सन स्वतः नव्वदी गाठून १९९४ मध्ये गेला. त्यानंतर त्याच्या पत्नीने, जोन एरिक्सनने, ऐंशी-नव्वदीतल्या माणसांसाठी एक नववा टप्पा लिहून त्याच्या पुस्तकाला जोडला. आठ टप्पे रचले तेव्हा हे वय कसे असते ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हते, असे तिचे त्यावर म्हणणे होते.